आईला एचआयव्ही असला तरी बाळ निगेटिव्ह राहू शकते: काय बदलले आणि अजून कुठे चुकते

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात सगळ्यात आधी विचार येतो तो बाळाचा. बाळालाही होणार का? गर्भ ठेवायचा की नाही? सिझेरियन करावे लागेल का? अंगावर पाजायचे की नाही? या प्रश्नांची उत्तरे वीस वर्षांपूर्वी वेगळी होती आणि आज वेगळी आहेत. दुर्दैवाने शेजारीपाजारी, नातेवाईक आणि कधी कधी दवाखान्यातही जुनीच उत्तरे ऐकायला मिळतात.

म्हणून मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आईने वेळेत उपचार सुरू केले, गोळी रोज घेतली आणि बाळाला त्याचे औषध मिळाले, तर बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता अगदी कमी होते. आज ज्या बाळांना लागण होते, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत औषध कमी पडलेले नसते. ते वेळेवर पोहोचलेले नसते, किंवा मध्येच सुटलेले असते.

विषाणू बाळापर्यंत कसा पोहोचतो?

आईकडून बाळाला लागण तीन टप्प्यांवर होऊ शकते:

- गरोदरपणात, वारेतून
- बाळंतपणाच्या वेळी, आईचे रक्त आणि योनीतील स्राव यांच्याशी संपर्क आल्याने
- बाळंतपणानंतर, अंगावरच्या दुधातून

कोणताही उपचार घेतला नाही आणि बाळ अंगावर पीत असेल, तर तिन्ही टप्पे मिळून १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. म्हणजे उपचार नसतानाही प्रत्येक बाळाला एचआयव्ही होतोच असे नाही. पण धोका मोठा असतो, आणि कोणते बाळ वाचेल हे आधी सांगता येत नाही.

हा धोका मुख्यतः एका गोष्टीवर ठरतो: आईच्या रक्तात विषाणू किती आहेत. रक्तातील विषाणूंच्या या प्रमाणाला 'व्हायरल लोड' म्हणतात. औषधांनी व्हायरल लोड खाली आला की तिन्ही टप्प्यांवरचा धोका कमी होतो. पुढे जे काही सांगितले आहे, त्याचा पाया हाच आहे.

गेल्या तीस वर्षांत काय बदलले?

१९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील एका अभ्यासात प्रथमच स्पष्ट पुरावा मिळाला. गरोदरपणात आणि प्रसूतीच्या वेळी आईला, व नंतर बाळाला झिडोव्हुडिन हे औषध दिल्यावर लागणीचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. पण तो उपचार महाग आणि लांबलचक होता. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने सोपा मार्ग दाखवला. कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला एक डोस, एवढ्यानेही धोका जवळपास निम्मा झाला.

त्या काळात देशातील ज्या सहा राज्यांत गरोदर स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण १ टक्क्याच्या वर होते, त्यांत महाराष्ट्र होता. शेजारचे कर्नाटक आणि तेव्हाचे आंध्र प्रदेशही त्यांतच होते. त्यामुळे सोलापूरसारखा सीमेवरचा जिल्हा या साथीच्या मधोमध सापडला होता. २००२ पासून सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तपासणी आणि नेव्हिरॅपिनचा एक डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

पण एका डोसच्या मर्यादाही दिसल्या. पुढे बाळ अंगावर पीत राहिले की धोका चालूच राहायचा, आणि आईच्या शरीरातले विषाणू त्या औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असायची. इथे पुण्याचा वाटा मोलाचा आहे. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, इथिओपिया आणि युगांडा येथील अभ्यासांत बाळाला एका डोसऐवजी सहा आठवडे नेव्हिरॅपिन दिले गेले. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवड्यांच्या वयापर्यंत लागणीचे प्रमाण ५.३ टक्क्यांऐवजी २.५ टक्के राहिले. आज बाळाला औषधाचे सरबत अनेक आठवडे दिले जाते, त्यामागे अशा अभ्यासांचा आधार आहे.

यानंतरचे बदल भराभर झाले:

- २००४: सरकारी केंद्रांतून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधे, मोफत मिळू लागली.
- २०१४: एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला, तिची प्रतिकारशक्ती कितीही असो, आयुष्यभराची एआरटी सुरू करण्याचे धोरण देशभर लागू झाले.
- २०१७: हेच धोरण एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रत्येकासाठी आले.
- अलीकडे: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे असलेली एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. ही गोळी व्हायरल लोड लवकर खाली आणते.

दरम्यान साथही ओसरली. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गरोदर स्त्रियांमधील प्रमाण ०.२४ टक्के, म्हणजे हजारामागे दोन ते तीन एवढे होते.

योग्य उपचारांनी धोका किती खाली येतो?

फ्रान्समध्ये २००० ते २०११ या काळातील एका मोठ्या नोंदीत २,६५१ बाळे अशी होती, ज्यांच्या आयांनी गर्भ राहण्यापूर्वीच एआरटी सुरू केली होती आणि प्रसूतीच्या वेळी ज्यांच्या रक्तात विषाणू सापडत नव्हते. त्यांतील एकाही बाळाला लागण झाली नाही. मात्र ही बाळे अंगावर पीत नव्हती. अंगावर पिणाऱ्या बाळांबद्दलचे उत्तर आफ्रिकी देश आणि भारत मिळून झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने दिले. त्यातही पुण्याच्या माता आणि बाळे होती. आईला एआरटी किंवा बाळाला रोजचे नेव्हिरॅपिन यांपैकी एक चालू असताना, वर्षभरात दुधातून लागण होण्याचे प्रमाण सुमारे ०.६ टक्के आढळले.

मग अजूनही बाळांना एचआयव्ही का होतो?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. त्यानंतर ते आणखी खाली आले आहे. तरीही औषधे इतकी प्रभावी असताना एवढा मोठा आकडा का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

याचे कारण असे की, हा आकडा फक्त उपचार घेणाऱ्या मातांचा नाही. एचआयव्ही असलेल्या सगळ्याच गरोदर स्त्रिया त्यात येतात: ज्यांची तपासणीच झाली नाही त्या, ज्यांना आठव्या महिन्यात कळले त्या, ज्यांच्या गोळ्या मध्येच बंद पडल्या त्या, आणि ज्यांना गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना नव्याने लागण झाली त्या. साखळी तुटते ती या चार ठिकाणी. श्रीलंका, थायलंड, मलेशिया या देशांनी हीच साखळी पक्की केली आणि आईकडून बाळाला होणारी लागण जवळपास थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली. अंगावर पाजणाऱ्या देशांसाठी त्याची एक अट आहे: हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत हवे.

आता तुमच्या हातात काय आहे, ते क्रमाने पाहू.

१. तपासणी लवकर करा

पाळी चुकल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच उपकेंद्रात किंवा दवाखान्यात नाव नोंदवा. आशाताई आणि आरोग्यसेविका यासाठी मदत करतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची प्राथमिक तपासणी होते. सिफिलिसही बाळाला होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून दोन्ही तपासण्या महत्त्वाच्या आहेत.

या प्राथमिक तपासणीत दोष दिसला म्हणजे निदान झाले असे नाही. ग्रामीण, उपजिल्हा किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात वेगवेगळ्या चाचण्या करूनच निदान पक्के केले जाते. तिथे समुपदेशक असतात. तपासणी मोफत असते आणि माहिती गुप्त ठेवली जाते.

२. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर गोळी लगेच सुरू करा

फक्त एचआयव्ही आहे म्हणून गर्भपात करण्याची गरज नसते. मूल हवे की नको हा निर्णय त्या स्त्रीचा आहे, आणि तो भीतीपोटी किंवा कुणाच्या दबावाखाली होऊ नये.

एआरटी गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात सुरू करता येते. जितकी लवकर, तितके चांगले. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, एआरटी केंद्र आहे. कळा सुरू झाल्यावर कळले, तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. त्या क्षणीही आईला आणि बाळाला औषध देता येते.

गोळी घेताना एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सगळ्यांनाच दिल्या जातात. त्या डोल्युटेग्राव्हिरबरोबर रिकाम्या पोटी घेतल्या, तर एचआयव्हीचे औषध शरीरात नीट शोषले जात नाही. त्यामुळे एचआयव्हीची गोळी या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. एकत्र घ्यायच्या असतील, तर जेवणाबरोबर घ्या. ॲसिडिटीच्या औषधांपैकी काहींचाही असाच परिणाम होतो. ती जेवणाबरोबर घेतली तरी चालत नाहीत, वेळेचे अंतर ठेवावेच लागते. म्हणून दुकानातून परस्पर औषध घेऊ नका.

गरोदरपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड तपासला जातो. ही तपासणी चुकवू नका. बाळाला जन्मानंतर कोणते औषध आणि किती दिवस द्यायचे, हे ठरवताना तिचा आधार घेतला जातो.

३. बाळंतपण दवाखान्यातच करा

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन केले जात नाही. इतर बाळंतिणींना ज्या कारणांसाठी सिझेरियन लागते, त्याच कारणांसाठी तुम्हालाही लागेल. बाळंतपण घरी करू नका आणि डॉक्टरांपासून एचआयव्हीची माहिती लपवू नका. त्यांना माहीत असेल, तरच बाळाचे औषध जन्मानंतर लगेच सुरू होते.

४. बाळाचे औषध आणि दूध

धोका कमी असेल, तर बाळाला एका औषधाचे सरबत साधारण सहा आठवडे दिले जाते. आईने एआरटी घेतलीच नसेल, व्हायरल लोड आटोक्यात नसेल किंवा तपासलाच नसेल, तर दोन औषधे दिली जातात. असे बाळ अंगावर पीत असेल, तर ही औषधे १२ आठवडे चालतात. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. ती डॉक्टरांनी मोजून दाखवली, तेवढीच द्या.

दुधाबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. आई एआरटी नियमित घेत असेल, तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, असा सल्ला आपल्याकडे दिला जातो. चिकाचे दूधही द्यावे. जुलाब आणि न्यूमोनियापासून हे दूध बाळाचे रक्षण करते.

'फक्त' या शब्दाला इथे फार महत्त्व आहे. अंगावरचे दूध चालू असताना पहिल्या सहा महिन्यांत मध चाटवणे, घुटी देणे, गाईचे किंवा डब्याचे दूध देणे, पाणी पाजणे हे टाळा. वरच्या अन्नाने बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होऊ शकते आणि विषाणूला वाट मिळते. घरातल्या ज्येष्ठ बायका हे सगळे प्रेमापोटीच देतात. त्यांना खरे कारण सांगायचे नसेल, तर 'डॉक्टरांनी सहा महिने फक्त अंगावर पाजायला सांगितले आहे' एवढे पुरेसे आहे. एचआयव्ही नसलेल्या आईलाही हाच सल्ला दिला जातो, त्यामुळे कुणाला शंका येण्याचे कारण नाही.

काही कारणाने अंगावर पाजणे शक्य नसेल, तर पूर्णपणे वरच्या दुधावर कसे ठेवायचे, हे समुपदेशकांकडून समजून घ्या. सहा महिन्यांनंतर पातळ वरण-भात, खिमट असा वरचा आहार सुरू करा आणि अंगावरचे दूधही चालू ठेवा. ते साधारण वर्षभर तरी द्यावे. थांबवताना एकदम तोडू नका. जोपर्यंत बाळ अंगावर पीत आहे, तोपर्यंत आईची एकही गोळी चुकता कामा नये. दूध सुटल्यावरही आईच्या स्वतःच्या तब्येतीसाठी गोळ्या चालूच ठेवायच्या आहेत.

५. बाळाच्या तपासण्या पूर्ण करा

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जन्मानंतर लगेच बाळाची साधी एचआयव्ही चाचणी केली, तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. याचा अर्थ बाळाला लागण झाली असा नाही. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, बाळात आलेली असतात आणि ती १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात.

म्हणून सहा आठवड्यांच्या वयात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन वेगळी तपासणी करतात. त्यात प्रत्यक्ष विषाणू शोधला जातो. पुढे सहा महिने, १२ महिने आणि शेवटी १८ महिन्यांना तपासणी होते. १८ महिन्यांनंतरही बाळ अंगावर पीत असेल, तर अंतिम निष्कर्ष दूध सुटल्यानंतर काही काळाने काढला जातो. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नका. सहाव्या आठवड्यातील रिपोर्ट दुधातून नंतर होऊ शकणाऱ्या लागणीबद्दल काहीच सांगत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर उपचार तातडीने सुरू करावे लागतात. उपचार न मिळाल्यास एचआयव्ही असलेली जवळपास निम्मी बाळे दोन वर्षांची होण्याआधी दगावतात. उपचार मिळाल्यास हीच मुले शाळेत जातात, मोठी होतात. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी उभारलेल्या 'पालवी' संस्थेत एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलांना घर मिळाले. राज्यात अशी मुले आज तरुण झाली आहेत, आणि त्यांच्यातल्या मुलींनाही निगेटिव्ह बाळे होऊ शकतात.

माहेरी किंवा कामासाठी गाव सोडताना

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सोलापुरातील अनेक सुनांची माहेरे विजयपूर, कलबुर्गी किंवा तेलंगणात आहेत. सातव्या महिन्यात सोलापूर सुटते आणि बाळ तीन-चार महिन्यांचे होऊन परत येते. व्हायरल लोडची तपासणी, बाळंतपण, बाळाचे औषध आणि पहिली तपासणी हे सगळे नेमके याच काळात येते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांचेही असेच होते. म्हणून निघण्यापूर्वी:

- एआरटी केंद्रात जाण्याची तारीख आणि गावाचे नाव सांगा. तिथून जवळच्या केंद्राची माहिती आणि चिठ्ठी घ्या. औषधे दुसऱ्या राज्यातील सरकारी केंद्रातही मोफतच मिळतात.
- पुरेशा गोळ्या बरोबर घ्या.
- एआरटीचे पुस्तक आणि माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवा.
- माहेरी निदान एका व्यक्तीला विश्वासात घ्या. गोळी लपवून घ्यावी लागली की ती चुकते.

रिपोर्ट निगेटिव्ह आला असेल, तरी हे वाचा

तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह आलेला रिपोर्ट नवव्या महिन्याची हमी देत नाही. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना नव्याने लागण झाली, तर त्या दिवसांत विषाणूंची संख्या प्रचंड वाढलेली असते आणि बाळाला धोकाही जास्त असतो. आईचा रिपोर्ट आधीच निगेटिव्ह असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून पतीचीही तपासणी करून घ्या. तो कामासाठी बाहेरगावी राहत असेल, त्याला एचआयव्ही असेल किंवा त्याची तपासणी झालेली नसेल, तर गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना निरोध वापरा. शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा.

तुमचे हक्क

२०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, तुमची माहिती परवानगीशिवाय उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार किंवा बाळंतपण नाकारता येत नाही. अडचण आली, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा किंवा आयसीटीसी केंद्रातील समुपदेशकांना भेटा.

पुढील गोष्टी झाल्यास वाट पाहू नका, त्याच दिवशी संपर्क साधा

- गोळ्या संपल्या किंवा दोन-तीन दिवस चुकल्या
- गोळी घेतल्यावर सतत उलट्या होत आहेत
- पाणमोट फुटली किंवा कळा सुरू झाल्या
- स्तनाग्रांना भेगा पडल्या, रक्त आले किंवा स्तनात गाठ होऊन ताप आला
- बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आले, ते पीत नाही, वजन वाढत नाही किंवा वारंवार आजारी पडते
- बाळाचे सरबत सांडले किंवा संपले

बाळाच्या अठरा महिन्यांपर्यंतच्या सगळ्या तारखा आजच एका कागदावर लिहून कार्डाला जोडून ठेवा. घरातल्या एका तरी माणसाने त्या लक्षात ठेवण्याची जबाबदारी घ्यावी. एकट्या आईवर हे ओझे नसले, की गोळी आणि तपासणी चुकण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या औषधांबद्दलचा निर्णय एआरटी केंद्रातील डॉक्टरांशी बोलूनच घ्या.